डॉक्टरेटचे मोल आणि निळीचा इतिहास

विद्येला बाजारभाव असावा, ही कल्पना आपल्या जुन्या पिढ्यांस रुचत नसे. विद्या देणे हे दान, तिचा मोबदला मागणे हे हलकेपणाचे, असे आपण बोलत आलो. वागत मात्र थोडे निराळे आलो. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास जी दक्षिणा वाटली जाई, तीत पंडितांची परीक्षा होऊन कोणास किती द्यावयाचे ते ठरे. विद्येची पारख करावी, तिला दर्जा लावावा आणि दर्जाप्रमाणे द्रव्य द्यावे, ही रीत आपणांस अपरिचित नव्हती. फरक इतकाच की, देणाऱ्या धन्याला त्या विद्येपासून स्वतःसाठी कमाई करावयाची नसे. त्याला पुण्य हवे असे. विद्येवर पैसा लावून तिच्यातून अधिक पैसा काढावयाचा, हा व्यवहार पद्धतशीरपणे आणि मोठ्या प्रमाणावर प्रथम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत सुरू झाला. आणि त्या व्यवहाराचे मुख्य नाणे होते विद्यापीठाची ‘डॉक्टर’ ही पदवी.

हा विषय केवळ इतिहासाच्या कुतूहलाचा नाही. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण पाहणीनुसार आपल्या देशात डॉक्टरेटसाठी नाव नोंदविलेले विद्यार्थी २ लाख १२ हजारांच्या घरात होते. २०१४-१५ साली तीच संख्या १ लाख १७ हजार होती. इतकी तरुण माणसे उमेदीची चार-पाच, कधी त्याहूनही अधिक वर्षे ज्या पदवीसाठी वेचतात, तिचे पदवीधराला काय मिळते आणि त्याला कामावर ठेवणाऱ्याला काय मिळते, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचे उत्तर केवळ पगाराच्या आकड्यांत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ज्या एका प्रकरणात धनी आणि सेवक अशा दोघांचीही खातेवही आज आपणांस उघडून पाहता येते, ते जर्मन रंगधंद्याचे प्रकरण आम्ही येथे घेत आहो. त्या वहीतील खर्चाची काही पाने आपल्याच देशातील शेतांत लिहिली गेली आहेत, हे त्याचे दुसरे कारण.

प्रारंभ मात्र जर्मनीत नव्हे, लंडनमध्ये झाला. १८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या पदार्थापासून कोयनेल तयार करण्याच्या खटपटीत होता. कोयनेल तर झाले नाहीच; पण भांड्याच्या तळाशी जो काळसर गाळ उरला, त्यातून रेशमावर सुरेख जांभळा रंग चढतो असे त्यास आढळले. पर्किनजवळ डॉक्टरेट नव्हती. त्याने शिक्षण अर्धवट सोडले, वडिलांचा पैसा घातला, कारखाना काढला आणि धनवान झाला. ह्यावरून कोणी म्हणेल की, मग पदवीची गरजच काय? परंतु पुढील इतिहास पाहावा. पर्किनचा गुरू हॉफमान हा मूळचा जर्मन. गीसेन येथे १८२४ पासून लीबिगने जी प्रयोगशाळा उभारली होती, तिच्यात तो तयार झालेला. १८६५ साली तो लंडन सोडून बर्लिनला गेला. पर्किनने १८७४ साली कारखाना विकला आणि तो पुन्हा संशोधनाकडे वळला. अवघ्या अठरा वर्षांत रंगधंद्याचे केंद्र इंग्लंडमधून ऱ्हाइन नदीच्या काठी सरकले होते.

हे का घडले? डांबर इंग्लंडमध्ये मुबलक होते, कापडगिरण्या होत्या, भांडवल होते, साऱ्या जगाची बाजारपेठ होती. नव्हती ती एकच गोष्ट, शिकलेल्या रसायनज्ञांची अखंड पुरवठा करणारी फळी. जर्मनीत लीबिगने घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटी एक स्वतंत्र प्रश्न दिला जाई आणि त्या प्रश्नाशी दीड-दोन वर्षे झुंजून त्याला प्रबंध लिहावा लागे. प्रबंधातील शोध बहुधा किरकोळच असे. परंतु जो प्रश्न आधी कोणी सोडविलेला नाही तो कसा हाताळावा, फसलेल्या प्रयोगांचीही नीट नोंद कशी ठेवावी, दुसऱ्यांनी प्रसिद्ध केलेले निबंध धुंडाळून आपली जागा कशी ओळखावी, ही सवय त्या दोन वर्षांत अंगी बाणे. कारखानदाराला हवी होती ती ही सवय.

१८६३ साली बायर आणि हेख्स्ट, १८६५ साली बाडिश आनिलीन अशा कंपन्या निघाल्या. प्रथम त्याही उचलेगिरीवरच चालत. इंग्लंड-फ्रान्सचे रंग पाहून तसेच तयार करीत. बाडिश कंपनीचा पहिला मोठा संशोधक हाइनरिख कारो हा कापड छापण्याच्या कामातून वर आलेला. म्युनिक विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १८७७ साली, म्हणजे कर्तृत्व सिद्ध झाल्यावर. परंतु १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान ह्या दोघा विद्यापीठीय रसायनज्ञांनी मंजिष्ठेतील लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनवून दाखविले आणि चित्र पालटले. पुढल्या वर्षी जूनमध्ये त्यांनी व कारोने लंडनमध्ये पेटंटासाठी अर्ज केला; पर्किनचा अर्ज त्यानंतर एका दिवसाने पोहोचला. एका दिवसाचे अंतर! पर्किनची बुद्धी कमी पडली नव्हती. परंतु तो एकटा होता आणि समोर एक व्यवस्था उभी राहत होती.

ह्या व्यवस्थेला बळकटी आली ती १८७७ च्या जर्मन पेटंट कायद्याने. ह्या कायद्याने रासायनिक पदार्थाला पेटंट दिले नाही, तो पदार्थ तयार करण्याच्या विशिष्ट कृतीला दिले. वरवर पाहता बारकावा वाटणाऱ्या ह्या तरतुदीचा परिणाम फार मोठा झाला. एकाच रंगाकडे जाण्याच्या अनेक वाटा असू शकतात; आपली वाट सुरक्षित ठेवावयाची तर आसपासच्या साऱ्या वाटा आपणच आधी चालून पाहिल्या पाहिजेत, आणि दुसऱ्याच्या रंगावर हक्क सांगावयाचा तर नवी वाट शोधली पाहिजे. वाटा शोधणारी माणसे शेकड्याने हवीत, असा हिशेब कारखानदारांच्या मनात पक्का झाला. कायद्याच्या एका कलमाने डॉक्टरेटची मागणी वाढविली.

बायर कंपनीतील कार्ल डुइसबर्गचे उदाहरण ह्या काळाचे सारे मर्म सांगते. जन्म १८६१ चा, घर साधे. येना येथे १८८२ साली त्याने डॉक्टरेट मिळविली आणि तो नोकरीच्या शोधात फिरू लागला. १८८३ साली बायर कंपनीने तीन तरुण डॉक्टरांची निवड केली आणि त्यांना कारखान्यात न बसविता स्वखर्चाने वर्षभर विद्यापीठांत संशोधनाला पाठविले. डुइसबर्ग स्ट्रासबुर्गला गेला. तेथून परतल्यावर थोड्याच काळात त्याने कंपनीला फायद्याचे रंग मिळवून दिले. रंगाच्या कामात निघालेला एक टाकाऊ पदार्थ आवारात पिपांतून साठून राहिला होता. त्याचा काही उपयोग करता येतो का, असा प्रश्न त्याने काढला आणि त्यातून १८८८ साली फेनासेटिन हे तापावरील औषध बाजारात आले. रंगाची कंपनी औषधाची कंपनी झाली. १८९१ साली एल्बरफेल्ड येथे खास संशोधनासाठी मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. पुढे १८९७ साली तेथील फेलिक्स हॉफमानने ॲस्पिरीन शुद्ध स्वरूपात तयार केले. पदवी घेऊन नोकरी शोधणारा डुइसबर्ग १९१२ साली कंपनीचा प्रमुख झाला.

परंतु धन्याच्या दृष्टीने ह्या हिशेबाची खरी कसोटी लागली ती निळीत. आडोल्फ फोन बायर ह्या प्राध्यापकाने (बायर कंपनीशी ह्यांचे नाते नाही, नावाचेच साम्य) १८८० साली नीळ प्रयोगशाळेत तयार केली व १८८३ साली तिची रचनाही उलगडली. पण प्रयोगशाळेतील नीळ शेतातल्या निळीपेक्षा महाग पडे. १८९० साली झुरिचच्या हॉयमानने नवा मार्ग दाखविला. त्यालाही स्वस्त कच्चा माल मिळेना. डांबराच्या गोळ्यांचा जो पदार्थ, त्या नॅफ्थलीनपासून आरंभ करावा असे ठरले, परंतु पहिलीच पायरी अडून बसली. तेव्हा बाडिश कंपनीत प्रयोग चालू असताना एक उष्णतामापक फुटला, त्यातील पारा मिश्रणात सांडला आणि अडलेली क्रिया एकाएकी भराभर होऊ लागली. फुटलेला उष्णतामापक अनेकांनी केरात टाकला असता. त्या अपघातात काय घडले हे ओळखणारी माणसे भट्टीशेजारी उभी होती, म्हणूनच तो अपघात उपयोगी पडला. १८९७ साली कारखान्यातील नीळ बाजारात आली. तोवर बाडिश कंपनीचे १ कोटी ८० लाख मार्क त्या एका रंगावर खर्ची पडले होते. सतरा वर्षे उत्पन्न नसलेल्या कामावर इतका पैसा लावण्याची छाती कोणत्याही एकट्या संशोधकाला झाली नसती, आणि संशोधकांवाचून कोणत्याही सावकाराला झाली नसती. १९०० च्या सुमारास ह्या एका कंपनीत दीडशेच्या जवळपास रसायनज्ञ होते.

येथे डॉक्टरेटच्या किमतीचे गणित उघड होते. शंभर डॉक्टर शेकडो पदार्थ तयार करून पाहात. त्यांतील बहुतेक निरुपयोगी ठरत, दोन-चार विकाऊ निघत, आणि एखादा सगळ्यांचा पगार फेडून वर नफा देई. कोणाच्या हातून तो निघेल हे आधी सांगता येत नसे. एकेकट्याने हा जुगार खेळावयाचा म्हटले तर शंभरांतील नव्याण्णव उपाशी राहते. कंपनीने सर्वांना ठरलेला पगार देऊन तो धोका आपल्या अंगावर घेतला. सेवकाला स्थैर्य मिळाले, ‘हेर डॉक्टर’ म्हणून समाजात मान मिळाला, काम करण्यास उत्तम प्रयोगशाळा व ग्रंथालय मिळाले. धन्याला मिळाले ते त्या शंभरांतील एकाचे भाग्य.

आणि ह्यासाठी सेवकाने काय दिले? पहिली गोष्ट म्हणजे शोधावरील नाव. पेटंट कंपनीच्या नावे होई. त्यावर शोध लावणाऱ्याचे नाव असले पाहिजे असे बंधन जर्मन कायद्यात आले ते १९३६ साली, आणि नोकरीत लावलेल्या शोधाबद्दल वाजवी मोबदला मिळण्याचा स्वतंत्र कायदा झाला तो १९५७ साली. दुसरी गोष्ट म्हणजे जाण्याचे स्वातंत्र्य. नोकरी सोडल्यावर ठराविक काळ प्रतिस्पर्ध्याच्या कारखान्यात काम करणार नाही, असे कलम करारात घातले जाई. रसायनज्ञाचे ज्ञान ज्या धंद्यात विकले जावयाचे तेथील मालक मोजके. त्यांचीच दारे बंद झाली म्हणजे त्याने काय करावे? पदवीने त्याला दुर्मीळ केले होते, आणि कराराने त्या दुर्मीळपणाचा लाभ धन्याकडे वळविला. रसायनज्ञांनी ह्या कलमाविरुद्ध दीर्घकाळ तक्रार केली.

धनीही पदवीवर आंधळा विश्वास ठेवीत नव्हता. निरनिराळ्या विद्यापीठांच्या डॉक्टरेटचा कस सारखा नाही, कोठे ती फार स्वस्तात मिळते, अशी ओरड खुद्द डुइसबर्गने केली आणि रसायनज्ञांसाठी सरकारी परीक्षा असावी अशी मागणी केली. तेव्हा विद्यापीठांच्या प्रयोगशाळाप्रमुखांनी १८९७-९८ च्या सुमारास आपणच संघ स्थापून प्रबंधापूर्वीची एक समान परीक्षा सुरू केली. १८९९ साली प्रशियातील तांत्रिक विद्यालयांनाही डॉक्टरेट देण्याचा अधिकार मिळाला. ज्या पदवीवर कोट्यवधींचा व्यवहार चालतो तिचे नाणे खोटे निघू नये, ही काळजी नाणे पाडणाऱ्याला आणि घेणाऱ्याला अशी दोघांनाही वाहावी लागली. पदव्यांची संख्या वाढली पण परीक्षा सैल झाली, तर प्रथम नुकसान होते ते खऱ्या अभ्यासकाचे; कारण त्याला वेगळे ओळखण्याची खूणच पुसली जाते.

आता ह्या वहीतील आपल्याकडची पाने पाहू. मंजिष्ठेचा लाल रंग कारखान्यात होऊ लागला तेव्हा फ्रान्समधील मंजिष्ठेची शेते ओस पडलीच, पण आपल्याकडे माळव्यात आणि बुंदेलखंडात आलीच्या मुळांची जी लागवड होई, ज्या रंगाचा खारवा घरोघरी वापरला जाई, तीही मागे पडली. निळीचा फटका त्याहून मोठा. १८९७ साली जगात वनस्पतीपासून निघणारी नीळ सुमारे १९ हजार टन होती, आणि तिचा मोठा वाटा हिंदुस्थानचा होता. १९१४ पर्यंत ती हजार टनांवर आली. बिहारमधील युरोपीय मळेवाल्यांनीही अखेरीस रसायनज्ञ नेमले, परंतु ते उशिरा आणि बोटांवर मोजण्याइतके. शंभर डॉक्टरांशी सामना होता, आणि इकडे मळेवाल्यांचा भरवसा होता तो कुळांवरील जबरदस्तीवर.

ह्या जबरदस्तीचा शेवटचा अध्याय म्हणजे चंपारण. तेथे कुळाने विघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे अशी सक्ती होती; तिला तीनकठिया म्हणत. कारखान्याच्या निळीने भाव पाडले तेव्हा मळेवाल्यांना नीळ नकोशी झाली. त्यांनी कुळांना त्या सक्तीतून मोकळे केले, परंतु मोकळे करण्याचीच किंमत म्हणून खंड वाढविला किंवा रोख रक्कम उकळली. तोटा झाला व्यापाऱ्याचा, आणि तो भरून दिला शेतकऱ्याने. १९१७ साली गांधीजी चंपारणात गेले आणि १९१८ साली तीनकठिया कायद्याने रद्द झाली. लुडविग्सहाफेनच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेटचे मोल वाढले, त्याची एक फेड चंपारणच्या कुळाकडून वसूल झाली होती. कोणत्याही पदवीची किंमत सांगताना ती कोणाच्या घरून वळती झाली हेही सांगितले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

तीच पदवी त्याच काळात हिंदी माणसाच्या हाती आली तेव्हा तिचे काय झाले? प्रफुल्लचंद्र राय ह्यांनी १८८७ साली एडिंबरोची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळविली. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात १८८९ साली त्यांना नोकरी मिळाली ती दरमहा २५० रुपयांची व तात्पुरती. वरच्या पायरीच्या शिक्षणसेवेतील जागा व्यवहारात युरोपियनांसाठी राखलेल्या. विद्या तीच, प्रयोगशाळेतील कसब तेच, परंतु मोल कातडीच्या रंगावर. रायांनी ह्या अपमानाचे उत्तर आपल्या परीने दिले. १८९२ साली अल्प भांडवलावर औषधांचा कारखाना सुरू केला, तोच पुढे बेंगॉल केमिकल म्हणून प्रसिद्धीस आला. धनी मिळाला नाही म्हणून डॉक्टरच धनी झाला.

बडोद्याची हकीकत ह्याहूनही बोलकी आहे. सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले १८९० साली. होतकरू तरुणांना परदेशी पाठवून त्यांची विद्या संस्थानच्या कामी लावावी हे त्यांचे धोरणच होते. १९१३ साली भीमराव आंबेडकर ह्यांना त्यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार झाला. बायर कंपनीने डुइसबर्गला स्ट्रासबुर्गास पाठविले त्याच जातीचा हा व्यवहार. धनी दूरदर्शी, विद्यार्थी असामान्य. कोलंबिया विद्यापीठाने १९१६ साली आंबेडकरांचा प्रबंध मान्य केला (पदवी रीतसर मिळाली ती पुस्तक छापून दाखल झाल्यावर, १९२७ साली). महाराजांच्या मनात पुढे त्यांच्याकडे अर्थखाते सोपवावे असे होते, असे चरित्रकार सांगतात.

सप्टेंबर १९१७ मध्ये ते कराराप्रमाणे बडोद्यास आले. शहरात अस्पृश्याला राहण्यास जागा मिळेना. कचेरीत शिपाई कागद दुरून टाकीत. पारशी पथिकाश्रमात नाव लपवून काढलेल्या अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. ओळखीच्यांनीही असमर्थता सांगितली; कामाठीबागेत काही तास बसून त्यांनी मुंबईची गाडी पकडली. दहा वर्षांचा करार काही दिवसांत आटोपला. संस्थानने पैसा खर्च केला होता, विद्या तयार झाली होती, काम वाट पाहात होते. अडले ते एका खोलीपाशी. पुढे १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपयांवर अध्यापन, साठवलेला पैसा व शाहू महाराजांचे साहाय्य ह्यांवर पुन्हा लंडन, आणि १९२३ साली तेथील डॉक्टर ऑफ सायन्स. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. बडोद्याने गमावलेली विद्या साऱ्या देशाला मिळाली, हे आपले भाग्य. परंतु धन्याच्या खात्यावर पाहिले तर जातीने एका संस्थानाचे किती नुकसान केले, ह्याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा क्वचितच मिळेल.

आणि जर्मनीनेही हेच पुढे केले. ज्या हाबरच्या शोधावर १९१३ पासून हवेतील नत्रवायूचे खत होऊ लागले, त्याला १९३३ साली यहुदी कर्मचाऱ्यांच्या हकालपट्टीच्या कायद्यामुळे आपल्या संस्थेचा राजीनामा द्यावा लागला. पुढल्या वर्षी तो परक्या भूमीत वारला. बायर कंपनीत एकेकाळी काम केलेल्या आयखेनग्र्यूनने ॲस्पिरीन आपल्या मार्गदर्शनाखाली तयार झाल्याचा दावा मांडला तो छळछावणीतून वाचल्यावर, १९४९ साली. पन्नास वर्षे जपलेली फळी त्या राष्ट्राने आपल्या हाताने मोडली.

आपल्याकडे ह्या विद्येला खरी जागा मिळाली ती टप्प्याटप्प्याने. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेले ख्वाजा अब्दुल हमीद ह्यांनी १९३५ साली मुंबईत सिप्ला स्थापन केली. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविभाग १९३३ साली, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. आणि १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थाला नव्हे, कृतीलाच पेटंट ठरविले. वाचकांच्या ध्यानी आलेच असेल की, १८७७ च्या जर्मनीची तीच युक्ती! परिणामही तोच झाला. मुंबईच्या त्या विभागात शिकून पुण्याच्या प्रयोगशाळेतून १९६९ साली डॉक्टरेट घेतलेले अंजी रेड्डी हैदराबादच्या सरकारी औषध कारखान्यात नोकरीस लागले. पुढे स्वतंत्र झाले आणि १९८४ साली त्यांनी आपल्या नावाची कंपनी काढली. त्या सरकारी कारखान्यात तयार झालेल्या माणसांनी हैदराबादेत औषधधंद्याचे एक शहरच वसविले. २००५ पासून कायदा पुन्हा पदार्थाला पेटंट देणारा झाला, आणि नवे औषध शोधण्याचा जुगार आपल्या कंपन्यांसमोर उभा राहिला.

पदवी म्हणजे विद्या नव्हे, हेही ह्या संदर्भात सांगितले पाहिजे. गोमंतकातील कोसबेचे दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डमधून १९२९ साली परतले ते डॉक्टरेटवाचून. १९४४ साली त्यांनी आनुवंशिकतेतील जनुकांची अंतरे मोजण्याचे जे सूत्र दिले, ते पिकांच्या नव्या जाती काढणारे शास्त्रज्ञ आजही वापरतात. पर्किन, कारो, कोसंबी ही नावे अपवाद म्हणून मिरवावीत; परंतु अपवादांवर धंदा उभारता येत नाही आणि राष्ट्राची संशोधनव्यवस्थाही उभारता येत नाही. पदवीचे प्रयोजन असामान्य माणूस घडविणे नाही. सामान्य बुद्धीच्या कष्टाळू माणसालाही असामान्य काम करता यावे, एवढी तयारी करून देणे हे तिचे काम.

ह्या सर्व इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट ठळक दिसते. डॉक्टरेटला स्वतःची अशी किंमत नसते. तिच्याभोवती काय उभे आहे त्यावर ती ठरते. प्रयोगशाळा आहे काय, दहा-पंधरा वर्षे थांबणारे भांडवल आहे काय, विद्येचे फळ राखणारा आणि तिच्या धन्यास आवरणारा कायदा आहे काय, परीक्षा खरी आहे काय, आणि ती विद्या घेऊन आलेल्या माणसाला गावात खोली मिळते काय? ह्यांतील एकही नसले की पदवी वेतनश्रेणीतील पायरी होऊन बसते. आपल्या विद्यापीठांत डॉक्टरेटसाठी २०१० च्या नियमांनी प्रवेशाच्या वेळीच पाच आगाऊ वेतनवाढी ठरल्या. २०१८ साली विद्यापीठ विभागांतील साहाय्यक प्राध्यापकासाठी ती अनिवार्य करण्याचे ठरले, ती अट पुढे ढकलली गेली आणि २०२३ साली काढून टाकण्यात आली. ज्या पदवीचे मोल अशा एका परिपत्रकाने चढते आणि दुसऱ्याने उतरते, तिची मागणी मुळात कोणाला होती हा प्रश्न उरतोच.

म्हणून मुलाने किंवा मुलीने डॉक्टरेट करावी काय, असे घरात विचारले जाते तेव्हा पुढे पगार किती मिळेल एवढ्यावर बोलणे थांबू नये. ज्या विषयात ते करणार, त्या विषयात त्यांच्यासाठी कामाचे टेबल कोठे मांडलेले आहे, आणि नसेल तर ते कोण मांडणार, हेही विचारावे. जर्मनीतील कारखानदारांनी ते मांडले, रायांनी स्वतःसाठी मांडून घेतले, सयाजीरावांनी मांडले आणि शहराने ते उलथून टाकले. आज डॉक्टरेट करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी ते मांडण्याची जबाबदारी त्यांच्या एकट्यांवर टाकून चालणार नाही.